मागच्या सीटसाठी

तुर्कूच्या दुकानदारानं फोनवर बजावलं होतं,
लांबी मोजताना हिवाळी कोट घालून बसा,
नाहीतर नोव्हेंबरात पट्टा तोकडा पडेल.
म्हणून जूनच्या भर उन्हात, अंगणात,
वडील गाडीत बसलेत जाड लोकरी कोट घालून,
आणि मी त्यांच्या पोटावरून फीत फिरवतेय
शिंप्यासारखी.

नमुने तीन आले होते:
काळा, राखाडी, आणि एक तपकिरी,
कॉफीत दूध जरा जास्त पडल्यासारखा.
मूळचा रंग हाच, वडील म्हणाले.
मूळचा रंग काळा होता. मी वाद घातला नाही.
त्यांचा जुना पट्टा खांद्यापाशी लव उठून मऊ झालाय,
बोटानं घासला तर धागे हातात येतात,
ओढून सोडला की आत जायचं विसरतो,
लोंबत राहतो दाराबाहेर.
"चांगला आहे अजून."
स्वतःच्या गुडघ्यांबद्दलही ते हेच म्हणतात.

शेजारचा पट्टा आईचा.
तो दिसायला नवाकोरा.
लाइतिलाच्या रस्त्यावर, एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात,
धुक्यातून मूस आडवं आलं
आणि या पट्ट्यानं हिल्काला धरलं.
पट्ट्यावर काही उमटलं नाही,
तिच्या अंगावर मात्र खांद्यापासून कंबरेपर्यंत
जांभळी वाट महिनाभर होती.

पानं फिरवता फिरवता मी सहज बोलून गेले,
दुकानदारानं सांगितलेलं:
एकदा ज्यानं माणूस धरला
तो पट्टा पुन्हा तसा धरत नाही म्हणे,
वीण ताणून संपलेली असते आतून,
बदलायचाच असतो लगेच.

वडिलांनी बोटांवर काहीतरी मोजलं.
आई त्यानंतर एकोणीस वर्षं
याच पट्ट्यात बसली.
बाजारात, तळ्यावर, दवाखान्यात.
दर वेळी गाडी सुरू करण्याआधी
हे विचारायचे, "लावलास?"
आणि ती म्हणायची, "लावला."

बराच वेळ आम्ही काहीच केलं नाही.
बोल्टला लावलेलं तेल गंजात मुरत राहिलं.

मग मागची सीट उचलली.
खरं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच:
आर्नी चार वर्षांचा, माझा नातू,
त्याची खुर्ची बांधायला मागे पट्टेच नाहीत.
आता पत्र्याला भोकं पाडावी लागणार
म्हणून मी ड्रिल घेऊन आले,
तर वडील कोटासकट वाकले आणि म्हणाले,
"थांब. भोकं आहेत."

गालिच्याखाली, गेल्या शतकातले ब्रेडचे कण
आणि माझी हरवलेली एक निळी पेन्सिल यांच्या मध्ये
रबराची काळी टोपणं.
सहा.
त्या साली कायदा यायचा होता अजून,
कारखान्यानं भोकं ठेवली, आटे पाडले, आणि झाकून टाकली.
ऊसिकाउपुंकीच्या त्या रांगेत टोपणं बसवायला
दोघं तिघं होते, पैकी एक ताइस्तो,
वय तेवीस, घरी नुकतीच मुलगी झालेली.
अंगठ्यानं दाबायचं, पुढची गाडी.
दाबायचं, पुढची गाडी.
"कशासाठी ते ठाऊक होतं?" मी विचारलं.
"ठाऊक होतं."

टोपण निघालं तेव्हा आत
आटे लखलखीत, कणभर गंज नाही.
नवा बोल्ट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी
आत गेला, सरसर,
बोलावणं यायचीच वाट बघत असल्यासारखा.

याच सीटवर मी मोठी झाले,
दर वळणाला या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत
घसरत, खिदळत,
या सहा भोकांच्या वरून.

आर्नीला बसवलं. खट्.
त्यानं लगेच सोडवलं, परत लावलं. खट्.
मग विचारलं, इथं आधी कोण बसायचं?
मी आरशात बघितलं.
वडील पुढे कोटातच घामाघूम,
सहा टोपणं मुठीत,
आणि दुसऱ्या हातानं आईच्या जागेचा नवा पट्टा
झटक्यानं ओढत होते,
अडतो का,
सोडून पुन्हा,
अडतो का.